शेवटून दुसरी ओळ

सिस्टरने पडदा टोकापर्यंत ओढला, तरी चार बोटांची फट उरलीच. मग तिने खिशातून कपड्यांचा चिमटा काढला आणि त्या फटीवर लावला. हा चिमटा ती घरून आणत असे. तातडीच्या विभागातले पडदे कुठल्याच खाटेला पुरत नाहीत, हे नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच तिच्या लक्षात आलं होतं. तेव्हापासून चिमटा तिच्या खिशात असायचा, पेनाच्या शेजारी.

“दोन दिवस झाले, जुलाब थांबतच नाहीत,” खाटेच्या उशाशी उभी असलेली मुलगी सांगत होती. मुलगी म्हणजे चाळिशी उलटलेली बाई. केस घाईत बांधलेले, डोळ्यांखाली जागरण. “कालपासून तीन पायजमे धुतले. थांबायच्या गोळ्या दिल्या, चार. तरी आपलं थोडं थोडं चालूच.”

खाटेवर तिचे वडील होते. उजवा हात गळ्यातल्या झोळीत, नजर छताकडे. आपल्याविषयी नाही, शेजारच्या खाटेविषयी बोलणं चाललंय, असा चेहरा.

“आजोबा, कुठं दुखतंय?”

“मास्तर.”

“अं?”

“आजोबा घरी. बाहेर मला मास्तर म्हणतात. बेचाळीस वर्षं शिवतोय.”

“शिवत होते,” मुलगी हळूच म्हणाली. म्हातारा पुन्हा छताकडे बघू लागला.

सिस्टर रक्तदाब घेऊन निघाली तशी मुलगी तिच्या मागोमाग पडद्याबाहेर आली आणि भिंतीला टेकली. सगळं एका दमात बोलून टाकायचं ठरवून आल्यासारखी ती बोलली. आई गेल्यापासून बाबा एकटेच, दुकानाच्या मागच्या खोलीत राहतात. दहा दिवसांपूर्वी वरच्या फळीवरचं कापड काढताना स्टुलावरून पडले, खांद्याजवळचं हाड मोडलं. इथंच आणलं होतं. तोवर ठीक होतं. पण आता हे कपड्यात होणं.

“काल एक पायजमा सापडला मला. मशीनच्या खाली, चिंध्यांच्या पिशवीत कोंबलेला. विचारलं तर म्हणतात, माझा नाहीच.” तिने नाक पुसलं. “माझ्या सासूबाईंचं अस्संच सुरू झालं होतं. आधी कपडे, मग लपवालपवी, मग माणसं ओळखेनात. मी पाहिलंय सगळं. म्हणून ठरवलंय, शनिवारी दुकान सोडायचं. मशीनला गिऱ्हाईक आलंय. बाबा माझ्याकडे राहतील. त्यांना अजून सांगितलं नाही.”

“त्यांना माहीत आहे,” सिस्टर म्हणाली. “‘शिवत होते’ म्हणालात ना तुम्ही मघाशी.”

मुलीने पडद्याकडे वळून पाहिलं.

विभागातले सगळ्यात तरुण डॉक्टर, ज्यांना सगळे छोटे डॉक्टर म्हणत, कागद बघत आले. “जुलाब, वय त्र्याहत्तर, अशक्तपणा. सलाइन लावू या.”

“सर, आधी पोटाला हात लावून बघता? डावीकडं, खाली.”

छोट्या डॉक्टरांनी हात लावला. कपाळाला आठी पडली. पुन्हा लावला. मग त्यांनी मास्तरांना उलटी झाली का, वारा सरतो का, लघवी होते का, एवढंच विचारलं. उलटी नव्हती, बाकी दोन्ही होत होतं. हातमोजा घालून तपासलं आणि सरळ उभे राहिले.

“मळाचा खडा आहे. दगडासारखा.”

“जुलाब असून?” मुलीने विचारलं.

“हे जुलाब नाहीतच,” सिस्टर म्हणाली. “मोरीत बोळा अडकला की पाणी कडेकडेनं झिरपतं ना, तसं आहे हे. आत घट्ट झालेलं पुढं सरकत नाही, आणि मागचं पातळ बाजूनं येतंय. ते यांना कळणार तरी कसं? आणि आपण वरून थांबायच्या गोळ्या दिल्या.”

तिने ‘आपण’ म्हटलं, ‘तुम्ही’ नाही. ते मुलीला जाणवलं की नाही, कुणास ठाऊक.

बोटाने खडा मोकळा करायचं हे काम कुणी हौसेनं करत नाही. नव्या मुली ते एकमेकींवर ढकलतात. ती मात्र कधी ढकलत नसे. तिला ते चांगलं जमे आणि ते जमतं याचा तिला अभिमान होता, जरी घरी कुणी विचारलं तर सांगायची सोय नव्हती. सासूबाई शेजारणींना सांगत, “आमची सून माणसं मरणाच्या दारातून ओढून आणते.” आणताना कुठल्या दाराने आणते, एवढंच त्या सांगत नसत. आणि गेल्याच आठवड्यात, सहा महिन्यांच्या नातीला वरचं खाणं सुरू करून तीन दिवस काहीच झालं नाही तेव्हा याच सासूबाई घरभर फेऱ्या मारत होत्या. चौथ्या दिवशी झालं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. “परीक्षेच्या निकालाची एवढी वाट नव्हती पाहिली गं मी,” म्हणाल्या होत्या.

मुलीला चहाला पाठवून सिस्टरने मास्तरांना डाव्या कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी घ्यायला सांगितले, मोडलेल्या हाताखाली उशी दिली. कमरेवर चादर, चादरीवर आणखी एक चादर. बधिर करणारी जेली लावून ती थांबली. त्या औषधाला पाच मिनिटं लागतात, आणि ती पाचच्या पाच द्यायची, हा तिचा नेम होता.

“मास्तर, शर्टात सगळ्यात अवघड काय असतं?”

म्हाताऱ्याचं तोंड भिंतीकडे होतं.

“लोकांना वाटतं कॉलर,” तो म्हणाला. “कॉलर सोपी. बाही अवघड. बाही खांद्याला बसवताना कापड थोडं जास्तच असतं, ते चुणी न पडू देता जिरवायचं. घाई केली की संपलं.”

“मीही घाई करणार नाही. दुखलं तर ‘थांब’ म्हणायचं. मी थांबते.”

दोनदा तो ‘थांब’ म्हणाला. दोन्ही वेळा ती थांबली.

“पाणी किती पिता दिवसात?”

“पितो.”

“किती?”

तिने काम चालू ठेवलं, बोटाच्या टोकाने, थोडं थोडं.

“नाडी,” भिंतीकडून आवाज आला.

“काय म्हणालात?”

“पायजम्याची नाडी. एका हातानं सुटते, बांधता येत नाही. प्रत्येक वेळी मुलीला कसं बोलवायचं? म्हणून पाणीच बंद केलं. जायलाच नको.” मग छातीतून आलेला एक आवाज, हसणं होतं ते. “जन्मभर लोकांच्या पायजम्यांत नाड्या ओवल्या बाई मी.”

तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे दोन्ही तसंच राहू दिलं.

“तुमचा हा गणवेश कुणी शिवलाय?” आता मास्तरांना कंठ फुटला होता. “मघाशी बघितलं. काखेत ओढतोय. कुशीला पिन लावलीय तुम्ही.”

“बाळंतपणाआधीचा आहे.”

“तरीच. आत शिवणीत माया ठेवलेली नसणार, उसवून सोडायला कापडच नाही. तयार माल, दुसरं काय.”

त्यानंतर एनिमा दिला, भांडं लावलेल्या खुर्चीवर बसवलं, आणि मग वाट पाहिली. पायांखाली छोटं स्टूल, गुडघे कमरेपेक्षा उंच, पडद्याला चिमटा. सिस्टर पडद्याबाहेर पाठ करून उभी राहिली, कुणाला आत जाऊ दिलं नाही. छोट्या डॉक्टरांनासुद्धा.

अर्ध्या तासाने वॉर्डातल्या मावशी झाकलेलं भांडं घेऊन बाहेर आल्या. त्यांनी तीस वर्षांत काय काय पाहिलं होतं, पण त्यांच्याही भुवया वर गेल्या होत्या.

“मास्तरांना बिल्ला द्या सिस्टर,” त्या म्हणाल्या. “आणि मला पण.”

मास्तर उशीला टेकून बसले होते. चेहऱ्यावर रंग आला होता. त्यांनी चहा मागितला, आणि साखर नीट घाला म्हणाले.

मुलगी परत आली ती वडिलांकडे बघतच राहिली. सिस्टरने तिला समजावलं: हाडाच्या दुखण्याच्या कडक गोळ्या, त्यांनी आतडं संथ होतं, त्यात पाणी नाही, चालणं नाही. मेंदूचा यात काही संबंध नाही.

“पण मग या गोळ्यांबरोबर काही द्यायचं नसतं?” मुलीने पिशवीतून चार घड्यांचा कागद काढला. दहा दिवसांपूर्वी घरी सोडताना दिलेला. “हे बघा, सगळं जपून ठेवलंय मी.”

सिस्टरने कागद उलगडला. औषधांची नावं, वेळा, झोळी कधी काढायची, परत कधी यायचं. शेवटून दुसरी ओळ छापील होती: पोट साफ राहण्यासाठी. पुढची जागा कोरी. त्याखाली सही.

सही तिचीच होती.

तारीख बघितल्यावर तो दिवस तिला आठवला. बाळंतपणाची रजा संपून तिसराच दिवस. दुपारचे दोन वाजायला आले होते, दूध दाटून गणवेश पुढून ओला झाला होता, आणि कुणाला दिसू नये म्हणून फाइल छातीशी धरून तिने उभ्याउभ्याच कागद भरले होते. त्यातला कुठला तरी एक हा. माणूस तिला आठवला नव्हता. खांदा आठवला असता कदाचित.

“कागदावर नसलं तरी तोंडी सांगितलं असेल ना?” मुलगी वडिलांकडे वळली. “बाबा, सांगितलं होतं ना यांनी? मी गाडी बघायला गेले होते तेव्हा? आठवतंय का?”

मास्तरांनी कागदाकडे पाहिलं. मग सिस्टरकडे, तिच्या अंगठ्याकडे, जो सहीवरून हलत नव्हता. बेचाळीस वर्षं माणसं समोर उभी करून मापं घेतलेले डोळे होते ते.

“सांगितलं असेल,” ते म्हणाले. “विसरलो असेन मी.”

मुलीने डोळे मिटले. “बघा. मी हेच म्हणते आहे.”

आता काहीच करायची गरज नव्हती. म्हाताऱ्याने गाठ मारून दोरा तोडला होता. नवा कागद लिहून दिला की ती दोघं निघून गेली असती. पलीकडे कुणाच्या तरी यंत्राचा टिकटिक आवाज चालू होता. चहाच्या कपाच्या बशीवर मास्तरांनी चमचा सरळ ठेवला.

“ते विसरले नाहीत,” सिस्टर म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

“सांगितलंच नव्हतं, तर विसरतील कसे? त्या दिवशी मीच होते. ही सही माझी आहे. ती ओळ मी भरायला हवी होती, ती राहिली. यांचं डोकं शाबूत आहे, ताई. त्या दिवशी माझंच ठिकाणावर नव्हतं.”

मुलीचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. “म्हणजे दहा दिवस... आणि मी त्यांना काय काय बोलले! ‘लहान मुलासारखं करता’ म्हणाले मी त्यांना!”

“तुमचा राग बरोबर आहे. तक्रार लिहायची असेल तर मोठ्या बाई बाहेर टेबलाशी आहेत. मी तर लिहून देणारच आहे.”

मुलगी बाहेर गेली नाही. खाटेच्या कडेला बसली आणि वडिलांच्या पायांवरची चादर नीट करत राहिली, आधीच नीट असलेली.

विभाग सांभाळणाऱ्या मोठ्या बाईंनी चष्म्यावरून ऐकून घेतलं. “त्यांच्यासमोर बोललीस?”

“हो.”

“मग माझ्यासमोर काय रडतेस? लिही.” त्यांनी फॉर्म पुढे केला आणि कोऱ्या डिस्चार्ज कागदांच्या गठ्ठ्यातला एक उचलून लांब धरला. “ही ओळ इतकी खाली टाकली कुणी? ही गोळ्यांच्या नावाखालीच पाहिजे. मी बघते छपाईचं.”

नवा कागद सिस्टरने खुर्चीत बसून भरला. दुखण्याची गोळी बदललेली, पोटाचं औषध रात्री, पाणी दिवसाला आठ पेले, रोज चालणं. एकेक ओळ मोठ्याने वाचली. शेवटी स्वतःच्या मनाने एक ओळ लिहिली: पायजम्याला नाडी नको, इलॅस्टिक घालावं.

“ते मी घालतो,” मास्तर म्हणाले. “डाव्या हातानं जमेल. मशीन पायाची आहे.”

मुलीने मान वर केली. म्हातारा तिच्याकडे बघत नव्हता. तो सिस्टरच्या खांद्याकडे बघत होता, एक डोळा किंचित बारीक करून.

“पेन आहे का तुझ्याकडं?” त्याने मुलीला विचारलं. “लिही. खांदा साडेचौदा. बाही नऊ. उंची चाळीस... नाही, एकेचाळीस.”

“बाबा, टेप नाही काही नाही...”

“लिही म्हणतो ना.”

मुलीने जुना कागद पालथा घालून गुडघ्यावर ठेवला आणि लिहू लागली.

“कंबर?” तिने विचारलं.

“कंबर आत्ता नको. बाळ लहान आहे, अजून बदलेल. सहा आठवड्यांनी घेऊ, दुकानात.”

मुलीचं पेन थांबलं. पडद्यापलीकडून मावशींनी कुणाला तरी ‘बाजूला व्हा’ म्हटलं, एक चाकाची खुर्ची करकरत गेली.

मग तिने खाली वाकून लिहिलं: बाकी माप दुकानात.