नामाचं विमान

माणखार गावात कुणी थाप मारली की तिला थाप म्हणत नाहीत, ‘नामाचं विमान’ म्हणतात. जावयाने मुंबईला नोकरी लागल्याची बढाई मारली आणि पुढच्या महिन्यात तो घरीच पाय पसरून बसलेला दिसला, की सासू म्हणणार, ‘‘याची नोकरी म्हंजे नामाचं विमान.’’ ही म्हण पार उरणच्या बाजारापर्यंत पोचली होती. तिथे नामा कोण हे कुणाला ठाऊकही नव्हतं, पण म्हणीला माणूस ठाऊक असावा लागतो थोडाच! दादूला मात्र तो माणूस ठाऊक होता. पन्नास वर्षं तो ही म्हण ऐकत आला होता आणि दर खेपेला चारचौघांबरोबर हसत आला होता. अलीकडे त्या हसण्याची त्याला स्वतःलाच शिसारी यायची.

नामा हा माणखारच्या मिठागरावरचा सुतार होता. भरतीचं पाणी आत घेणाऱ्या बांधातल्या लाकडी दारांना उघाड्या म्हणतात, त्या दुरुस्त करायचं काम त्याच्याकडे होतं. मिठागराच्या शेठने विलायतेहून एक फटफटी आणवली होती. ती चार महिन्यांत बिघडली, आणि शेठने ती मोडीत काढून मिठागरावरच्या कोठारात टाकून दिली. नामाने तिचं इंजिन सोडवलं, साफ केलं, चालूही केलं. मग बांबूचा सांगाडा, मचव्याच्या जुन्या शिडाचे पंख, इंजिनावर फिरणारा लाकडी पंखा आणि हातगाडीची दोन चाकं असं काहीतरी त्याने सहा महिने खपून जुळवलं. एका शिमग्याला, सगळा गाव पालखीमागे नाचत असताना, ते घेऊन तो मिठागराच्या मोठ्या बांधावर गेला आणि पाठीचा कणा मोडून परत आला. तिसऱ्या दिवशी गेला. गावाच्या म्हणण्याप्रमाणे मरेपर्यंत एकच सांगत होता, ‘‘मी उडालो.’’

त्याच्याबरोबर त्या दिवशी मिठागरावरच कामाला असलेला दादू एकटाच होता. दादूने गावाला सांगितलं, की उडालं बिडालं काही नाही, बांधावरून धावत गेलं आणि टोकाला घसरून खाडीत पडलं. बांध सरळ खाडीकडेच जात होता, त्यामुळे गोष्ट पटण्यासारखी होती. शिवाय दादू शब्दाचा पक्का. शेताच्या बांधावरून भांडण झालं, तर दोन्ही बाजू दादूला बोलवायच्या. असा माणूस सांगतो म्हटल्यावर नामाचं बोलणं म्हणजे मरणाऱ्याची बडबड ठरली, आणि पुढे म्हण झाली.

एकोणीसशे त्रेपन्नच्या डिसेंबरात शाळेच्या अनंता गुरुजींनी चावडीवर वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं. अमेरिकेतल्या दोघा भावांनी जगातलं पहिलं विमान उडवलं, त्याला पन्नास वर्षं झाली होती. गुरुजी माणूस उत्साही, आणि उत्साही माणसाच्या हातात वर्तमानपत्र म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. त्यांनी बोटांवर हिशेब मांडला. नामा गेला तेव्हा त्याची मुलगी येसू आईच्या पोटात होती. बापाच्या तेराव्यानंतर दोनच दिवसांनी ती जन्मली. तिच्या जन्माची नोंद होती एकोणीसशे तीनच्या मार्चातली.

‘‘म्हणजे अमेरिकनांच्या नऊ महिने आधी!’’ गुरुजी ओरडले. ‘‘आपला नामा जर खरंच उडाला असेल, तर जगात पहिला तो!’’

चावडीवर हसू फुटलं, पण गुरुजी हटले नाहीत. हा मान कुणाचा यावरून अजून वाद चालू आहेत, म्हणाले. फ्रेंच लोक सांगतात आमचा माणूस आधी उडाला. ब्राझीलवाले म्हणतात, अमेरिकनांनी साक्षीदारांना नीट दाखवलंच नाही, आमच्या माणसाने पॅरिसात सगळ्या जगासमोर उडवून दाखवलं. जर्मनीहून अमेरिकेत गेलेल्या एकाच्या शेजाऱ्यांनी तर शपथेवर लिहून दिलंय. मग माणखारनेच का मागे राहायचं? महिन्याभरात गावाचा सूर बदलला. कालपर्यंत जे लोक नामाला हसत होते, तेच आता ‘‘आमचा नामा’’ म्हणायला लागले. गुरुजींनी मुंबईच्या एका विज्ञान मंडळाला पत्र धाडलं, आणि मंडळाचे एक साहेब साक्ष घ्यायला येणार असं उत्तर आलं.

साक्ष द्यायला उरला होता फक्त दादू.

दादूची झोप उडाली. लोक घरी यायला लागले. ‘‘दादूकाका, तुम्ही एकदा हो म्हणा, बस. गावाचं नाव होईल.’’ त्यांना वाटत होतं, म्हातारा सत्याला धरून बसलाय आणि गावासाठी थोडं खोटं बोलायला कचरतोय. या कौतुकाने दादूला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कारण खोटं तर तो पन्नास वर्षांपूर्वीच बोलून बसला होता.

आता खरं काय घडलं ते सांगायला हवं. दादू स्वतःहून सांगणाऱ्यातला नव्हे.

नामाने विमानाला काथ्याची लांब दोरी बांधली होती. विमान ओढायला नव्हे, आवरायला. खाडीवर गेलं तर वारा उलथवून टाकील, याची त्याला धास्ती होती. म्हणून दादूने बांधाजवळ खुंटा ठोकायचा आणि दोरीचं टोक त्याला पक्कं बांधायचं. दोरी संपली की विमान नाक खाली करून मिठाच्या वाफ्यातल्या मऊ चिखलात बसेल, असा बेत होता. पण दिवस शिमग्याचा. माणखारात शिमग्याला खारजमिनीत घाव घालत नाहीत. कुदळ नाही, पहार नाही, खुंटीसुद्धा नाही. त्या दिवशी घाव बसला तर देवी कोपते आणि वर्षभर बांध फुटत राहतो, असं जुने लोक सांगत आलेले. नामाने हसून सांगितलं होतं, ‘‘ठोक रे, बांध फुटला तर मी बांधीन.’’ दादूने मान डोलावली आणि खुंटा ठोकला नाही. घाव घालायची भीती होतीच, पण दुसरी एक गोष्टही होती. हे धूड उडेल असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. न उडणाऱ्या वस्तूसाठी देवीचा कोप कशाला ओढवून घ्यायचा? त्याने दोरी हातात धरली, तीही सैल.

आणि ते उडालं. फटफटीचं इंजिन फटफटत राहिलं, चाकं बांधावर थडथडली, आणि मग थडथड थांबली. दादू तोंड वासून बघत राहिला. चाकांखाली हवा होती. एक वाफा गेला, दुसरा गेला, नामाचा आवाज आला, ‘‘दादू, बघ रे, बघ!’’ आणि हातातली दोरी एकदम ताणली. मिठागरावरच्या माणसाचे तळहात मिठाने भेगाळलेले असतात. त्या भेगांवरून काथ्या सरसरत गेला, दादूच्या टाचा उचलल्या गेल्या, आणि त्याने दोरी सोडली.

सोडलेलं विमान आणखी दोन वाफे गेलं. माडाच्या निम्म्या उंचीवर. दोरी आपल्याला थांबवील या भरवशावर नामा आनंदाने ओरडत होता. बाहेरच्या बांधावरून ते खाडीवर गेलं, वाऱ्याने एक पंख उचलला, आणि ते ओहोटीच्या उघड्या खडकांवर पालथं झालं.

दादूने त्याला खांद्यावर घालून गावात आणलं. लोकांनी विचारलं, काय झालं? उडालं म्हणावं, तर पुढचा प्रश्न येणार, दोरी कुठे होती? खुंटा कुठे होता? ‘‘घसरलं,’’ दादू म्हणाला. एकच शब्द. पण दुसऱ्या दिवशी नामाने भरल्या घरात त्याचा हात धरला आणि म्हणाला, ‘‘दादू, हे मला येडा समजतात. तू सांग यांना. मी उडालो ना?’’ दोरीबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. तुटली असं समजला असेल, नाहीतर समजूनही बोलला नसेल. दादूच्या तळहातांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. तो म्हणाला, ‘‘न्हाय नामा. घसरलास तू.’’ नामाने हात सोडला.

साहेब फेब्रुवारीत आले. शाळेत टेबल मांडलं, सतरंज्या घातल्या, सगळा गाव जमला. नामाची बायको आवडाबाई, सत्तरीची, येसूच्या हाताला धरून आली आणि पुढेच बसली. कपाळ मोकळं, पाठ ताठ. या सगळ्या वर्षांत तिने ती म्हण किती वेळा ऐकली असेल, हे मोजायची दादूची छाती नव्हती.

साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी आधी समजावून सांगितलं. विमानात माणूस हवा. ते स्वतःच्या इंजिनाने सपाट जागेवरून उठायला हवं. कुणी ओढलेलं नको, ढकललेलं नको. मग त्यांनी टाक उचलला.

‘‘आजोबा, यंत्र जमिनीवरून उठलं का?’’

‘‘उठलं,’’ दादू म्हणाला. मागे टाळ्या पडल्या. गुरुजींचे डोळे भरून आले. दादूला वाटलं, इथेच थांबावं. नामाला त्याचं मिळालं, गावाला गावाचं, बस झालं.

‘‘दोरी होती का? दोरी असेल तर ती वावडी, म्हणजे पतंग झाला, विमान नव्हे.’’

आता नाही म्हटलं की काम फत्ते होणार होतं. दादूने आवडाबाईकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती. आणखी एक खोटं तिच्या तोंडावर बोलणं त्याला जमलं नाही.

‘‘होती,’’ तो म्हणाला. ‘‘माझ्या हातात. मी सोडली. खुंटा ठोकायला सांगितला होता त्याने, मी न्हाय ठोकला. सोडल्यावर ते एकटं गेलं, दोन वाफे, इंजिनावर. कुणी वढलं न्हाय, कुणी ढकललं न्हाय. खाडीवर पडलं ते माझ्यामुळं. आन् तो मरताना मला विचारत व्हता, मी उडालो ना, तर मी सगळ्यांसमोर न्हाय म्हटलं. तो खरं बोलत व्हता. मी लबाड.’’

कुणी टाळी वाजवली नाही. साहेबांनी लिहिता लिहिता टाक थांबवला. ते हळूच म्हणाले, ‘‘आजोबा, मला व्यक्तिशः वाटतं तुम्ही आज खरं बोलताय. पण मी मंडळासमोर काय ठेवू? दुसरा साक्षीदार नाही, यंत्र नाही. जो एकच साक्षीदार आहे, तो पन्नास वर्षं नाही म्हणत होता, आणि वर्तमानपत्रात बातमी आल्यावर हो म्हणतोय. तेव्हाच बोलला असतात तर चार माणसांनी जाऊन जागा पाहिली असती, मोडकं यंत्र पाहिलं असतं, कुठेतरी लिहून ठेवलं असतं.’’ त्यांनी कागदांची गुंडाळी केली. ‘‘हा दावा टिकणार नाही.’’

लोक उठले. गावाचं नाव बुडवलं म्हणून काहीजण दादूकडे न बघता गेले, काहीजण बघून गेले. गुरुजी साहेबांना होडीपर्यंत पोचवायला गेले. सतरंजीवर आवडाबाई आणि येसू तेवढ्या राहिल्या. दादू उठून आवडाबाईपुढे जाऊन बसला. हात जोडायचे की पाय धरायचे, हेही त्याला सुचेना.

‘‘वैनी, मला शिव्या घाल. काठी घाल डोक्यात.’’

आवडाबाई शिव्या देणाऱ्यातली नव्हती.

‘‘भावजी, त्या साहेबाचं मला काय न्हाय,’’ ती म्हणाली. ‘‘जगात पयला कोण उडाला, त्याच्यावाचून माझं अडलं न्हाय. पन तुम्हाला ठाव न्हाय ते ऐका. तुम्ही न्हाय म्हणून गेलात ना, त्याच्यामागनं ह्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, आवडे, तू तरी खरं मान. मी वरनं वाफे बघितले गो, आरशासारखे लखलखत व्हते. पाणी पाजलं की तेच, कूस बदलली की तेच. मला हात जोडले.’’

‘‘मग?’’ दादूने विचारलं.

‘‘मी म्हटलं, गप पडा आता. दादूभावजी खोटं न्हाय बोलत.’’ तिने पदराने तोंड पुसलं. ‘‘मग गप झाले. दुसऱ्या दिशी सकाळी म्हणाले, घसरलोच असेन मी. दादू सांगतो म्हंजे घसरलोच असेन. तेवढं कबूल केलं आन् गेले.’’

येसूने आईला हात देऊन उठवलं. दोघी दारापर्यंत गेल्या, तोवर दादू सतरंजीवर तसाच बसून होता.