डावं चाक

पत्र्याच्या शेडमधून गाडी बाहेर काढतानाच रुचिकाच्या लक्षात आलं, की स्टेअरिंग उजवीकडं कललंय आणि गाडी मात्र सरळ चाललीय. अंगणात तिनं ते जरासं वळवलं, तेव्हा डाव्या चाकाकडून खालून ‘टक्’ असा आवाज आला. पुन्हा वळवलं, पुन्हा टक्. आवाजाबरोबर तळहाताला झटकाही जाणवला. तिनं हँडब्रेक ओढला आणि गाडी होती तिथंच बंद केली.

घाटनांदूरच्या बाजारामागं तिच्या वडिलांचं, ईश्वरप्पांचं घर होतं; ती त्यांना आप्पा म्हणायची. पुढं खत-बियाण्यांचं दुकान, मागं अंगण. आईचं, म्हणजे बसम्माचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्या दिवशी तिला तपासणीला अंबाजोगाईला न्यायचं होतं. रुचिका लातूरला एका शाळेत शिकवायची. आईसाठी रजा काढून आली होती. गाडी नेहमीप्रमाणे आप्पाच चालवणार होते.

परवाच रुचिकानं स्वतः ही गाडी बाजारात नेली होती, तेव्हा स्टेअरिंग सरळ होतं. त्यानंतर फक्त आप्पा काल संध्याकाळी आईचे थेंब आणायला अंबाजोगाईला गेले होते. परत आल्यावर पित्त झालंय म्हणाले आणि न जेवताच पडून राहिले.

तिनं आवाजाचं सांगितलं तेव्हा आप्पा दारात उभे होते. अंघोळ झालेली, कपाळावर विभूती. गाडीकडं न बघताच ते म्हणाले, “जुनी गाडी हाय. आवाज येतोच.”

हे त्यांचं बोलणं तिला पटेना. काचेचा नुसता खडखडाट झाला तरी गाडी बाजूला घेऊन कारण शोधणारा हा माणूस. गाडीची बरीचशी कामं ते घरीच करायचे आणि लहानपणी त्यांच्या हातात पाने देता देताच ती सगळं शिकली होती. ती काही विचारणार, तेवढ्यात समोरचा सिदू आला. त्याची रिक्षा होती, आणि गावात काही घडलं की त्याला आधी कळायचं.

काल तिन्हीसांजेला अंबाजोगाईच्या रस्त्यावर दूधवाल्या सटवाला एका गाडीनं उडवलं, असं त्यानं सांगितलं. मोटरसायकल रस्त्याखाली गेली, पाय मोडला. रात्रीच त्याला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं. उडवणारा थांबलाच नाही. पांढरी गाडी होती, एवढंच सटवा बोलला म्हणे.

अंगणात उभी असलेली गाडीही पांढरीच होती. सिदूनं तिच्याकडं पाहिलंही नाही, पण बसम्मानं पाहिलं. मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं. ईश्वरप्पा आत गेले.

सिदू गेल्यावर रुचिका आधी गाडीच्या पुढं जाऊन वाकली. बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर एक ओरखडा होता. तो जुना की कालचा, ते तिला आठवेना. तिनं तिथं बोट फिरवलं. मनात आलेला विचार तिला आईसमोर बोलायचा नव्हता, आणि तपासल्याशिवाय राहवतही नव्हतं.

तिनं मागच्या चाकांना दगड लावले, पुढची डावी बाजू जॅकवर उचलली, आणि जॅक घसरला तरी गाडी खाली बसू नये म्हणून लाकडाचे ठोकळे रचले. मग चाक दोन्ही बाजूंनी, डावीउजवीकडून धरलं आणि हलवून पाहिलं. धड असलेलं चाक असं हलत नाही. हे हललं, आणि तोच आवाज आला. वरखाली धरून हलवलं, तर तिथंही ढिलं.

“आई, जरा गाडीत बसती का?” ती म्हणाली. “मी सांगन तसं स्टेअरिंग थोडं थोडं हलव.”

काळा चष्मा लावलेली बसम्मा चाचपडत आत बसली. ती स्टेअरिंग हलवायची आणि रुचिका जमिनीला गाल टेकवून चाकामागं टॉर्च धरायची. स्टेअरिंगचा जोर चाकापर्यंत नेणारा जो दांडा असतो, त्या टाय रॉडच्या टोकाची गोळी आपल्या वाटीत उड्या मारत होती. आधी दांडा सरकायचा, चाक मागाहून वळायचं. वाटीवरचं रबर फाटलं होतं. खाली चाकाला धरून ठेवणारा आर्म वाकला होता. एखाद्या मोठ्या खड्ड्यात ती गोळी वाटीतून निसटली असती, की चाक वाटेल तिकडं फिरलं असतं. या गाडीत आई बसणार होती.

पण रुचिकाला आता दुसऱ्याच गोष्टीचा शोध होता. तिनं रिमच्या आतल्या कडेवर उजेड टाकला. कड चेपली होती, आणि चेपलेल्या जागी सिमेंटचा चुरा रुतून बसला होता. तिनं नखानं तो उकरला. त्याला पिवळा रंग होता. रस्त्यावरच्या पुलांच्या कठड्यांना असतो तसा.

तिनं श्वास सोडला. मोटरसायकलच्या धक्क्यानं आर्म असा खालून वाकला नसता. चाक कठड्यावर चढलं होतं. पण लगेच दुसरा विचार आला. आधी सटवाला धक्का, आणि मग कठडा, असंही झालं असेल. वाकलेलं लोखंड काय लागलं ते सांगत होतं. त्याआधी काय झालं, ते त्यात नव्हतं.

ती उठली तेव्हा आप्पा मागं उभे होते. किती वेळ, कोण जाणे. तिनं तळहातावरचा पिवळा चुरा पुढं केला.

“आप्पा, पुलाच्या कठड्याला लागलीय गाडी. काल तुमी काहून बोलला न्हाईत?”

ते खाली, उरलेल्या एका ठोकळ्यावर बसले. बसम्मा गाडीतच होती, हात स्टेअरिंगवर. काच खाली होती.

“मला आठवत न्हाई,” ते म्हणाले. “येताना पेट्रोल पंप गेला, तेवढं आठवतं. मग एकदम गाडी पुलाला टेकून उभी. इंजिन चालू. मधलं काय बी न्हाई.”

“झोप लागली का?”

“झोप न्हवं. डोळ्यापुढं अंधारी आली, एवढंच.” त्यांनी बंपरकडं हात केला. “घरी आल्यावर बंपर पुसून बघितला. रक्त हाय का ते. न्हवतं. पर सिदू आत्ता सांगाय लागला, तवा... रुचे, मधल्या वेळात कुनाला धडकलो असलो तर मला ठाव न्हाई.”

अशा गाडीतून, अशा अवस्थेत, आईला न्यायला कसे निघाला होतात, असं तिला विचारायचं होतं. पण तिला उत्तर दिसत होतं. नाही म्हणावं तर का ते सांगावं लागलं असतं. बसम्मा गाडीतून उतरली, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, की आता माझा डोळा राहू द्या, आधी सटवाकडं चला.

सिदूची रिक्षा बोलावली. पेट्रोल पंपाच्या अलीकडं एक छोटा पूल होता. आप्पांनी हात केला, रिक्षा थांबली. कठड्याचा कोपरा उडाला होता, खाली पिवळी ढेपळं पडली होती आणि मातीत टायरचा वळलेला माग होता. सटवा कुठं पडला, असं रुचिकानं विचारलं. सिदूनं पुढं, अंबाजोगाईच्या बाजूला, पंपाच्या अलीकडं बोट दाखवलं. म्हणजे आप्पा घरी येताना आधी सटवाची जागा लागत होती. आप्पांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी रिक्षाची आडवी दांडी घट्ट धरली आणि पुन्हा सोडलीच नाही.

दवाखान्यात सटवा जागा होता. पाय प्लास्टरमध्ये, कपाळाला पट्टी. ईश्वरप्पा त्याच्या खाटेशी उभे राहिले. रुचिकानं विचारलं, काय झालं होतं ते.

सटवानं सावकाश सांगितलं. मागून पिकअप आला होता, पांढरा, कडब्यानं भरलेला. पेंढ्या बाजूला लई बाहेर आल्या होत्या. गाडी लागलीच नाही, पेंढ्यांनी खांद्याला ढकललं आणि तोल गेला.

रुचिका भिंतीला टेकली. बसम्मानं चष्म्याखालून डोळ्यांना पदर लावला. पण ईश्वरप्पा तसेच उभे होते.

“सटवा,” ते म्हणाले, “मी तुला पाडलं न्हाई. पर पाडलं असतं, तर मला कळलं नसतं. कालपासून हेच डोक्यात हाय.” आणि त्यांनी पुलाचं सगळं सांगितलं.

सटवानं खाटेवर मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं.

“मग गाडी नका चालवू, आप्पा,” तो म्हणाला. “त्याच रस्त्यानं माझी पोरं शाळंला जात्यात.”

ईश्वरप्पांनी होय म्हणून मान हलवली.

तिथंच, त्याच दवाखान्यात, रुचिकानं त्यांना डॉक्टरांकडं नेलं. हृदयाच्या आलेखात ठोके मधेच थांबत होते. डॉक्टरांनी त्यांना घरी सोडलं नाही. पुढच्या आठवड्यात लातूरला पेसमेकर बसला. बसम्माचा डोळाही त्याच गडबडीत तपासून झाला, चांगला निघाला.

गाडी तोवर ठोकळ्यांवरच उभी होती. अंबाजोगाईचा मिस्त्री घरी येऊन नवा आर्म आणि टाय रॉडची टोकं बसवून गेला. काम चालू असताना ईश्वरप्पा खुर्ची टाकून शेजारी बसले होते, आणि नट नीट आवळलाय का, हे त्यांनी मिस्त्रीला इतक्या वेळा विचारलं की तो शेवटी वैतागला. संध्याकाळी रुचिकानं गाडी बाहेर काढली. स्टेअरिंग सरळ होतं. आप्पा सवयीनं ड्रायव्हरच्या दारापर्यंत आले, तिथं क्षणभर थांबले, मग गाडीला वळसा घालून पलीकडं जाऊन बसले. पंपाच्या अलीकडचा तो पूल आला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. रुचिकानं वेग कमी केला आणि पूल ओलांडला.