देवीचा अंगठा

"बघा, उमटला! आईचा अंगठा उमटला!"

आकाराम महाराज ओरडला आणि कसबा बावड्यातल्या त्या मांडवात माणसं एकमेकांवर रेटारेटी करू लागली. १९९६ सालची गोष्ट. खाटेवर तानाबाई बसली होती, पाय भोपळ्यासारखे टम्म. महाराजानं तिच्या नडगीवर अंगठा रुतवून उचलला, तर तिथं खोल खड्डा! बराच वेळ तो भरेचना. मग त्यानं एका धडधाकट गड्याचा पाय दाबला. काहीच उमटलं नाही.

"जिच्यात आई उतरली, तिच्याच अंगावर ठसा ऱ्हातो!"

बायका हळदकुंकू घेऊन त्या खड्ड्याला वाहू लागल्या. दुखऱ्या पायात काळंकुट्ट नख रुतवून तो माणूस हसत होता.

तानाबाईचा मुलगा जोतीराम आमच्या शाळेत शिपाई, मी तिथंच विज्ञान शिकवायचो. डॉक्टरांनी तानाबाईला मूत्रपिंडाचा आजार सांगितला होता. मीठ कमी करा, गोळ्या चुकवू नका, रक्त तपासत राहा. महाराजानं त्या गोळ्या पंचगंगेत टाकायला लावल्या आणि रोज तांब्याभर तीर्थ सुरू केलं.

"गुर्जी, महिन्यात ठसा दुप्पट खोल गेलाय की!" जोतीराम आनंदानं सांगत होता. आई मरणाच्या वाटेला लागली होती आणि लेक पेढे वाटत होता.

पुढच्या गुरुवारी मी मांडवात गेलो. आधी तीर्थ चाखलं आणि थुंकलो. खारट! चिमूटभर मीठ जपून खायचं तिथं हा मिठाचं पाणी पाजत होता.

"मावशी, मी दाबू?" म्हणून मी अंगठा टेकवला. तसाच खड्डा पडला.

"काय महाराज, माझा अंगठा बी देवीचा झाला काय? तुमचा पाय करा की फुडं."

तो मागं सरकला. पण हळदकुंकू वाहणाऱ्या बायकांतल्या बयाबाईनं त्याचा पाय धरला आणि सगळा जोर लावून दाबला.

"अगं बया, ह्याच्यात तर आई न्हायच की!"

मांडव खदाखदा हसला. मग मी सांगितलं, "मूत्रपिंड थकलं की मीठ आणि पाणी अंगातच साठतं. दाबलं की कातडीखालचं पाणी बाजूला सरतं, म्हणून खड्डा ऱ्हातो. पाणी वाढलं, की खड्डा खोल. डॉक्टर सूज अशीच बघत्यात."

पुढं कळलं, हा आकाराम पूर्वी एका दवाखान्यात वॉर्डबॉय होता. तिथंच त्यानं हे पाहिलेलं. थू त्याच्या जिण्यावर!

तानाबाईनं स्वतःचा अंगठा स्वतःच्या पायावर टेकवला. तसाच खड्डा उमटला.

"म्हंजे म्हैनाभर मी माझ्याच दुखण्याला हळदकुंकू लावून घेतलं, व्हय रं जोतीराम?"

जोतीराम तसाच बाहेर धावला. त्यानं रिक्षा आणली. डॉक्टर म्हणाले, गेलं ते मूत्रपिंड परत येणार नाही, उरलंय ते सांभाळू.

उरलेल्यावर तानाबाई पुढं कितीतरी वर्षं जगली. कुणी नवा बाबा आला म्हटलं की दारात उभी राहून गल्लीभर ओरडायची, "बायांनो, पाय सुजला तर नारळ घिऊन पळू नगासा! लघवी तपासून घ्या आदी!"