नत्थूजींच्या घरची बंद चूल

मोठा भाऊ प्रेमदास याच्यासाठी मुलगी पाहायला आम्ही वडनेरला निघालो, तेव्हा बाबांनी मला वेगळंच काम नेमून दिलं.

"तू सायन्सवाला हायेस. पोरीले मी पाहीन, तू तिच्या बापाले पाह्य."

मुलीचे वडील नत्थूजी लढाईच्या काळात फौजेत होते. तिकडून आल्यापासून खोकतात, थुंकी काळी पडते, असं रूपरावमामांनी बाबांच्या कानावर घातलं होतं. गावातले लोक क्षय म्हणत होते. क्षयाच्या घरची मुलगी बाबा करणार नव्हते. प्रेमदासनं मात्र त्या मुलीला, कमलाला, आधी पाहिलं होतं आणि ती त्याला पसंत होती.

बीएस्सी झाल्यानं कोणी डॉक्टर होत नाही, हे बाबांना पटत नसे. तरी मी पाहू लागलो. नत्थूजींनी जय भीम करून हात पुढे केला, तो मी मुद्दाम क्षणभर धरून ठेवला. ताप नव्हता. अंगही झडलेलं नव्हतं. पण ओट्यावर चढून ते थांबले, आणि श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजली.

आत बसल्यावर मी वर पाहिलं. आमच्याकडे कुठल्याही घराच्या छपराचे फाटे काजळीनं काळे असतात. इथले लाकडाच्याच रंगाचे होते. चूल सारवलेली, राखेचा कणही नाही. जरा वेळानं कमलाची आई धुरपताबाई चहाची किटली घेऊन आली, ती मागच्या दारानं, शेजारच्या अंगणातून.

बाबांनी कप घेतला नाही.

"चूल बंद काऊन हाय? कोनी गेलं काय घरातलं?"

"नाई जी," धुरपताबाई गडबडली.

"मंग चहा दुसऱ्याच्या घरचा काऊन? तुमच्या हातचं लोकायले चालत नाई काय?"

सोयरिकीला आलेल्यांना त्याच घरच्या चुलीवरचा चहा द्यायची आमच्याकडची रीत. चूल थंड म्हणजे एक तर मयत, नाहीतर लपवण्यासारखा रोग. मलाही दुसरं कारण सुचेना.

कमला कप मांडत होती, ती बाबांना म्हणाली, "धुरानं, मामाजी. बाले धूर सहन होत नाई."

"धूर त आमीबी खातो. आमाले त काई होत नाई."

"पेटव, कमला," नत्थूजी म्हणाले. "पाहू दे त्यायले."

"बा!"

"पेटव म्हनलं ना."

तिनं कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडून चुलीत घातल्या. धूर खोलीभर पसरला. नत्थूजी मांडीवर हात ठेवून ताठ बसून राहिले. मग शिट्टी वाढली, ओठ निळसर झाले, आणि खोकला सुरू झाला तो थांबेना. कमलानं पेटत्या काड्या अंगणात फेकल्या. आम्ही त्यांना बाहेर बाजेवर बसवलं. थुंकी मी वाकून पाहिली. पांढरी, चिकट होती. रक्त नव्हतं, काळंही नव्हतं.

"काळी पडते म्हणे?" मी विचारलं.

"तिकून आलतो तवा पडे. बर्मातून मांगं हटलो तवा आमच्याच सायबानं तेलाच्या टाक्या पेटवल्या, दुश्मनाले भेटू नाई म्हून. आमची टोली तिथंच. भर दुपारी अंधार. तोंडाले ओला गमछा बांधून काम करे. पिळला का शाईच निंगे."

"फौजेचा डॉक्टर काय बोलला?"

"म्हने बिडी सोड. म्या म्हनलं, सायब, मी बिडी ओढतच नाई. त म्हने, घरी जाच्यासाठी सोंग करून राह्यला."

बाबा माझ्याकडे वळले. "सांग. क्षय का नाई?"

"तसं वाटत नाही. कोळशाच्या खाणीतल्या लोकांच्या फुप्फुसात भुकटी बसते आणि निघत नाही. हे तसलंच असेल. पण छातीचा फोटो काढल्याशिवाय खात्री नाही."

"म्हंजे तुलेबी मालूम नाई. का प्रेमदासनं शिकवून धाडलं तुले?"

मी उत्तर देणार, तोच अंगणातल्या काड्यांचा धूर इकडे आला आणि बाबांनाच ढास लागली. कमला पाणी घेऊन आली.

"तुमचा खोकला कायचा, मामाजी?"

"जीनमंदी कामाले जातो, तिथं सरकी काढतानी कापूस उडते, त्याचा. दुसरं काई नाई."

"आमाले कसं समजाव? पोराचा बाप खोकलते म्हून आमीबी आयकलं होतं. माय त क्षयच म्हने."

"कमले!" धुरपताबाईनं तिला चिमटा काढला.

नत्थूजी हसायला लागले, आणि हसता हसता पुन्हा खोकले.

"बरं," बाबा म्हणाले, "नत्थूजीचा फोटो काढू."

"दोघायचा," कमला म्हणाली. "एकाच दिवशी. नाईतर मले हे लगन नाई कराचं."

पुढच्या आठवड्यात मी दोघांना नागपूरला नेलं. नत्थूजींचा फोटो आधी झाला. क्षय नव्हता. दोन्ही फुप्फुसांत बारीक ठिपके होते. ते कशाचे, हे डॉक्टरांना ठामपणे सांगता येईना. धुराचं सांगितलं तर ते म्हणाले, "बिडी ओढता का?" नत्थूजी माझ्याकडे पाहून हसले.

बाबा घाईनं म्हणाले, "झालं त मंग. साक्षगंध करून टाकू. चाला, गाडी भेटन."

तेवढ्यात आतून बाबांचं, चिंधूजींचं, नाव पुकारलं गेलं. ते बाकावरून हलले नाहीत.

"आता माह्या फोटोची काय गरज हाय?" ते मला हळूच म्हणाले.

नत्थूजी समोर येऊन उभे राहिले. "उठा, चिंधूजी. पोरीले मी काय सांगू? काढा सदरा, मी धरतो."