पिशवीतली होडी

"आबा, चौथ्यांदा जोडताय ती. कुठं पळून जातेय का होडी?" ज्ञानेश्वरी दारातून म्हणाली.

दारातून, कारण आत यायला जागाच नव्हती. तुर्भ्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत हौसेरावांनी लेकीची चौदा फुटी कयाक पुन्हा एकदा उभी केली होती. नळ्या एकमेकींत बसवल्या, फासळ्या अडकवल्या, वरून केशरी कापड ताणलं. होडीचं नाक गॅलरीत निघून शेजारच्या बाळाबाईंच्या पापडांना टेकलं होतं आणि शेपूट आईच्या, वेणूबाईंच्या खाटेखाली शिरलं होतं.

"एखादी नळी राहिली म्हंजे? तिथं काय दुकान हाय व्हय?"

"टेन्शन नका घेऊ. मी आहे ना सोबत."

टेन्शन घेऊ नको म्हटल्याने ते जात असतं तर हौसेराव केव्हाच घोरत पडले असते. त्यांनी होडी मोडली, पिशवीत भरली, गॅलरीत दोन फेऱ्या मारल्या आणि पुन्हा पिशवीचे बंद तपासले.

गोष्ट होती पाळण्याची. वेणूबाईंनी त्यांच्या गावच्या, वेळघरच्या भैरोबाला नवस बोलला होता की मुलगा झाला तर पाळणा बांधीन. मुलगा व्हायच्या आधीच कोयना धरणाचं पाणी आलं. गाव बुडालं, देऊळ बुडालं आणि हौसेराव पत्र्याच्या शेडमध्ये जन्मले. तेव्हापासून त्यांना ठेच लागली तरी म्हातारी म्हणे, "पाळणा राहिला रं." त्यांची बायको गेली तेव्हाही ती हेच म्हणाली. हौसेराव बासष्ट वर्षं या बोलण्याला हसत आले होते. गेल्या दिवाळीत आई खाटेला खिळली आणि त्यांचं हसू गेलं.

मे महिन्याच्या शेवटी पाणी उतरलं की आठ-दहा दिवस देवळाचं शिखर वर दिसतं. पण लाँचवाले तिकडे फिरकत नाहीत. खाली झाडांची खोडं आहेत, भिंतींचे दगड आहेत. आणि ज्ञानेश्वरी उलव्याच्या ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर दर रविवारी वीतभर पाण्यात चालणारी होडी घेऊन फिरत होती, तीही पाठीवर मावणारी. हे डोक्यात शिरल्यापासून हौसेरावांना घास गोड लागत नव्हता. पोहायला येत नव्हतं ते वेगळंच.

पहाटे आईच्या पाया पडून ते निघाले. सानपाड्याला हायवेवर साताऱ्याची एसटी यायची होती. हौसेराव दर मिनिटाला रस्त्यात उतरून वाकून बघत. लेकीने तीनदा मागे ओढलं. कापडात गुंडाळलेला लाकडी पाळणा त्यांच्या काखेत होता आणि कमरेला, मागच्या बाजूला, पोती ओढायचा हूक. दाणा मार्केटमधली माथाडीची नोकरी संपून वर्ष झालं होतं, पण हुकाशिवाय बाहेर पडलं की त्यांना उघडंवाघडं वाटे.

गाडी आली ती भरून आणि उशिरा. कंडक्टर दारातूनच ओरडला, "सामान डिकीत टाका. चला, चला, थांबनार नाय गाडी."

"आबा, पट्ट्याला धरा," ज्ञानेश्वरी म्हणाली.

पण समोर ओझं होतं, वर माणूस घाई करत होता. हौसेरावांचा उजवा हात मागे गेला, हूक घेऊन पुढे आला आणि पिशवीत खच्चकन रुतला. चाळीस वर्षं तो हात असाच चालला होता. ओझं उचललं गेलं आणि आतून टरकन आवाज आला.

ज्ञानेश्वरीने कंडक्टरला 'जा' म्हणून हात केला. तिने पिशवी खाली घेतली. गाडी निघून गेली.

फूटपाथवर त्यांनी कापड उलगडलं. कापड घडी घातलेलं, त्यामुळे एका हुकाने पाच ठिकाणी फाटलं होतं आणि वजनाने ओढलं जाऊन प्रत्येक फाट हातभर झाली होती. ज्ञानेश्वरीजवळ एका छोट्या भोकापुरतं ठिगळ होतं. नवं कापड परदेशातून यायला दोन महिने लागणार. तोवर शिखर पाण्याखाली.

हौसेराव उठले, बसले, पुन्हा उठले. आपलाच हात तोडून टाकावा असं त्यांना वाटलं.

"आबा, ऐका," लेक हळूच म्हणाली. "दोन दिवस उलव्याला मैत्रिणीकडे राहू. मग घरी जाऊन सांगू, बांधला म्हणून. आजीला कुठं कळतंय?"

हौसेराव विजेच्या खांबापर्यंत गेले आणि परत आले. वाटलं, चालेल. म्हातारी सुखाने डोळे मिटेल. पुन्हा खांबापर्यंत गेले.

"पोतं फुटलं तर मी कधी मुकादमापासनं लपवलं न्हाई," ते म्हणाले. "आईपासनं लपवू व्हय? चल घरी."

बाळाबाई दारातच भेटल्या. "बरं झालं आलात. तुमी गेल्यापास्नं पोटात काय नाय ओ त्यांच्या. पाळना बांधल्याचा फोन आल्याबिगर पानी बी नको म्हनतात."

आत वेणूबाई हिरवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून खाटेवर पडल्या होत्या. बाळाबाईंकडून सगळं करून घेतलं होतं. जत्रेला निघाल्यासारखं.

"आई, न्हाई गेलो. मीच हूक मारला. होडी फाटली."

म्हातारीने त्यांचा उजवा हात ओढून घेऊन चाचपला.

"तुला काय लागलं न्हाई न्हवं?"

"न्हाई."

"मग उपास सोडाया दे कायतरी."

ज्ञानेश्वरीने चहा टाकला. "पुढल्या वर्साला न्हेतोच बघ," हौसेराव म्हणाले आणि आईला बसती करायला त्यांनी तिच्या काखांत हात घातले.

उचलली, आणि ते थबकले. काट्यावर पोतं चढायच्या आधी किलो सांगणारे हात होते ते. लुगड्यात जवळजवळ काहीच नव्हतं.

"व्हय," म्हातारी म्हणाली. "पुढल्या वर्साला."

त्यांनी पुढच्या वर्षाचं नाव पुन्हा काढलं नाही. बशीत चहा ओतला, तिच्या ओठांना लावला आणि बशी संपेपर्यंत हात हलू दिला नाही.