नुसत्या नाचणीची भाकरी

नसरापूरच्या स्टँडासमोर सावळारामाचं हॉटेल होतं आणि त्या हॉटेलाकडं नजर गेली की जगन कंडक्टरच्या पोटात आधी ढवळायचं, मग भूक लागायची. काचेच्या कपाटात कालच्या शंकरपाळ्या, परवाची खारी आणि त्यांच्यावर सुखानं नांदणाऱ्या माशा. कढईतलं तेल काळंकुट्ट. त्यात सकाळी पुऱ्या तळायच्या, दुपारी पावाचे तुकडे आणि संध्याकाळी कांदाभजी. टेबल पुसायचं फडकं असं की पुसल्यावर टेबल जास्त घाण दिसावं. पण जगनला किळस यायची ती या घाणीची नव्हे. घाण खाऊन एसटीतला कुणी मेलेला त्यानं पाहिला नव्हता. त्याला किळस यायची ती गव्हाची, आणि गहू तर मेला सगळीकडं होता.

गव्हानं माणूस आजारी पडतो हे आधी त्यालाही पटलं नव्हतं. भोंगवलीत त्याचं लहानपण गेलं ते ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर, तीही असेल त्या दिवशी. पोळी म्हणजे सणाची, आणि सणही दुसऱ्याच्या घरचा. मोठेपणी एसटीत चिकटला, अंगावर खाकी चढली आणि पाव, पुरी, खारी असं साहेबी खाणं सुरू झालं, तेव्हापासून पोट बिघडलं ते बिघडलंच. दुष्काळात रेशनवर परदेशी गहू आला तसा गडी वाळत चालला. गाडी मध्येच थांबवून झुडपामागं पळायची वेळ यायची, आणि सगळे उतारू खिडक्यांतून माना काढून वाट बघत बसायचे. परत येताना त्यांच्या चेहऱ्यांवरचं हसू बघून त्याला स्वतःच्या देहाची शिसारी यायची. शेवटी वेल्ह्याच्या वाटेवर एकदा तिकिटांची पेटी छातीशी धरून तो गाडीतच आडवा झाला.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, की गव्हात एक चिकट सत्त्व असतं, ते तुमच्या आतड्याला सोसत नाही. आतडं आतून झिजून गुळगुळीत झालंय. गहू, रवा, मैदा, सगळं जन्मभर बंद, कणभरसुद्धा चालणार नाही. डेपोतल्या साहेबानं त्याच्या परीनं तेच सांगितलं. पुन्हा गाडीत पडलात तर घरी बसा, म्हणाला.

घरी प्रश्न नव्हता. जगनची आई साळूबाई त्याच्याबरोबर भोरलाच राहायची. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली की आधीच्या गव्हाचं पीठ तिच्यात येतं, हे कळल्यावर तिनं भोंगवलीहून जातं आणवलं आणि तोंडानं शिव्या घालत रोज दळू लागली. पण कंडक्टर घरी किती जेवणार? भोर-पासली ही मुक्कामी गाडी; आज दुपारी निघायची ती उद्या दुपारी परत यायची. डबा एका वेळेला पुरायचा. पुढं सगळं हॉटेलांवर. भात मागावा तर त्यावरची आमटी कणीक लावून घट्ट केलेली. कोरडी भजी मागावीत तर ती त्याच तेलातली. सावळारामाला समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, की गहू बाधतो म्हणणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच बघितला, लोकांना गहू मिळत नाही म्हणून बाधतो. आणि आपल्याच विनोदावर पोट धरून हसला. जगनला त्याच्या पिवळ्या दातांचीही किळस आली.

मग एका सोमवारी त्याला वाट सापडली. उपासाचं ताट. साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात, दाण्याची आमटी. उपासाचं म्हणून सावळाराम कढई वेगळी ठेवायचा, तूप वेगळं, पळी वेगळी, आणि त्या दिवशी पुरीचा हात तिकडं लागू द्यायचा नाही. ज्या सोवळ्या-ओवळ्यानं जगनच्या पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर उभ्या ठेवल्या, ते सोवळं आता त्याची आतडी राखत होतं. त्याला हसूही आलं आणि चीडही आली. पण खिचडी चविष्ट होती हे खोटं कसं म्हणायचं? हिरवी मिरची, दाण्याचा कूट, वर लिंबू. सोमवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी, सगळे वार त्याला तोंडपाठ झाले. भोंगवलीत बातमी जायला कितीसा वेळ? देव सोडले, बुद्धाची दीक्षा घेतली आणि हा आता चतुर्थी धरतो, म्हणून भावकीत नालस्ती झाली. एक चुलता तर त्याच्या गाडीत चढून भर गर्दीत म्हणाला, की बाबा, चंद्र बघून जेवतोस का घड्याळ बघून. जगननं त्याला पूर्ण तिकीट फाडून दिलं आणि पुढं सरकला.

पासलीला गाडी रायबाच्या अंगणालगत उभी राहायची. रायबा भाताच्या चार खाचरांचा धनी. ड्रायव्हर चिमाजी त्याच्या ओसरीवर जेवायचा, झोपायचा. जगन गाडीतल्या मागच्या बाकावर डबा सोडायचा. ये कुणी म्हटलं नव्हतं आणि येऊ नको असंही कुणी म्हटलं नव्हतं. अशा गोष्टी बोलाव्या लागत नाहीत. पण हिवाळ्यात रायबाची सून अडली, आणि जगननं वेळापत्रक गुंडाळून ठेवून मुक्कामाची गाडी वेल्ह्याच्या दवाखान्याकडं पिटाळायला लावली. चिमाजी नोकरी जाईल म्हणत होता. जगन म्हणाला, माझ्या नावावर टाक. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. त्यानंतर रायबा स्वतः गाडीपाशी आला, पायरीवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, बारशाला पंगतीत बसायचं. गाडीत न्हाई."

जगननं घरी सांगितलं तेव्हा साळूबाई चुलीपुढून उठलीच. पासलीची तिला काही माहिती नव्हती, पण ते अंगण तिला पुरतं माहीत होतं; भोंगवलीला तसलीच अंगणं होती. तिचा सासरा गावकीची कामं करून संध्याकाळी तसल्या अंगणाबाहेर उभा राहायचा आणि ओरडायचा, "भाकर वाढ गं माय." मग आतून कुणीतरी यायचं आणि शिवाशिव नको म्हणून भाकरी वरून टाकायचं. दीक्षा घेतली त्या दिवशी त्या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं, की आता घरात काही नसलं तर माती खा, पण त्या अंगणातली भाकर आणायची नाही. आणि आता त्याच्या नातवाला अंगणातून आत, पंगतीत बोलावणं होतं.

"बस आन जेव," साळूबाई म्हणाली. "पोळी वाढतील ती खा. येका पोळीनं मरत न्हाईस."

मरणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी काढायची होती, आणि गाडीत पडलं तर काय, तेही ठाऊक होतं. त्यानं यावर बराच विचार केला आणि मधला रस्ता काढला. पुढच्या मुक्कामाला तो रायबाची बायको कोंडाबाई हिला परसदारी भेटला. पोटाचा रोग सांगितला, डॉक्टरचं सांगितलं, गव्हाचं सांगितलं. तुमच्याकडं नाचणी आहे, घरच्या जात्यावर दळता, तेवढी एक भाकरी मला पानात वाढा, बाकी कशाला हात लावणार नाही. एवढं सगळं नीट बोलून झालं, तरी शेवटचं वाक्य तोंडातून जसं यायचं तसंच आलं.

"भाकर वाढा मावशी," तो म्हणाला.

ते शब्द स्वतःच्या कानावर पडले आणि तो एक पाऊल मागं सरकला. कोंडाबाईला काय वाटलं कोण जाणे. ती पदर सारखा करत नुसतं बरं म्हणाली.

बारशाला सगळी पासली लोटली. दिवेलागणीला पंगत बसली. रायबानं जगनला हाताला धरून चिमाजीच्या शेजारी बसवलं, आणि ओळीत दोन-चार जण किंचित सरकले, पण बसले. पुरणपोळ्या आल्या. गुळाचा, तुपाचा, जायफळाचा वास असा सुटला की जगनच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याच वेळी आतून काहीतरी वर आलं. शेजारी चिमाजी दुधात पोळी कुस्करून भुरका मारत होता, हनुवटीवरून दूध ओघळत होतं. समोरचा म्हातारा हात मनगटापर्यंत चाटत होता. माणसं खाताना इतकी ओंगळ दिसतात हे जगनला गव्हानं शिकवलं होतं. पूर्वी तोही तसाच जेवायचा आणि तेव्हा त्याला काही दिसायचं नाही.

कोंडाबाई स्वतः भाकरी घेऊन आली. पानात ठेवली, वाकून, दोन्ही हातांनी. वर लोण्याचा गोळा. सगळ्या पंगतीनं बघितलं. जगननं तुकडा मोडायला घेतला आणि त्याची बोटं थांबली. नाचणीची भाकरी मोडली की तुटते, कडेला भेगा पडतात. ही तुटेना. रबरासारखी ताणली गेली, आणि रंगही तांबूस नव्हता, फिका होता. त्यानं वर बघितलं आणि हळूच विचारलं, मावशी, यात काय घातलंय?

कोंडाबाई खाली वाकली. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं तोंडावर पदर धरला.

"वाईच कणीक मिसळली," ती म्हणाली. "नुसती नाचणी कशी वाढू तुमाला? लोक म्हंत्याल, मास्तरला बोलावलं आन पुन्यांदा तीच भाकर दिली."

तीच भाकर. म्हणजे हिलाही ठाऊक होतं. जगनला वाटलं होतं की रोग सांगितला म्हणजे पुरे. हिनं रोग बाजूला ठेवला आणि त्याच्या आज्यासारख्यांची भाकरी आठवून, त्याची लाज झाकायला, मूठभर विष मळून आणलं होतं. तिच्यावर रागवावं तर डोळ्यांत तिच्या खरी माया. त्या मायेचाच त्याला उबग आला. या लोकांनी हाडतूड केली तेव्हा पोट उपाशी राहिलं, आणि आता मान दिला तर पोट सडणार. पंगत बघत होती. भाकरी तशीच ठेवून उठावं तर रायबाच्या तोंडाला काळं, आणि खावी तर उद्या घाटात तो आडवा.

नुसत्या नाचणीची आहे का एखादी, त्यानं विचारलं. सकाळची आहे, गड्यांसाठी केलेली, कडक झालीय, असं ती म्हणाली. तीच द्या म्हटल्यावर कोंडाबाई रडकुंडीला आली.

"पानात न्हाई वाढायची म्या ती," ती म्हणाली. "मला नगा सांगू."

मग परसदारी द्या, असं म्हणून जगन उठला. पोट दुखतंय, आलोच, असं रायबाला सांगून तो घराला वळसा घालून परसदारी गेला. कोंडाबाई आतून भाकरी घेऊन उंबऱ्याशी आली. तो पायरीखाली उभा होता, ती वर. त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि तिचा हात, तिच्या सासूचा आणि आजेसासूचा हात जसा राहत आला होता तसा, वरच राहिला. भाकरी वरून त्याच्या ओंजळीत पडली.

दोघांनीही ते बघितलं. कोंडाबाईनं हात असा मागं घेतला की जणू तवा लागला. पदर डोळ्यांना लावून ती आत गेली.

जगनला वाटलं ओकावं. इथंच, तिच्या उंबऱ्यावर ओकावं. पण पोट रिकामं होतं आणि डबा दुपारीच संपला होता. तो खाचराच्या बांधावर जाऊन बसला. मिरची नाही, मीठ नाही, नुसती कडक भाकरी. मोडली तशी ती कड्‌कन तुटली. भाजल्याचा वास आला, करपट, कोंड्याचा. पहिला घास त्यानं नाक मुरडून घेतला, दुसरा जरा सावकाश, आणि मग त्याच्या लक्षात आलं की भाकरी संपली होती आणि तो बोटांना लागलेला चुरा चाटत होता, समोरच्या म्हाताऱ्यासारखा.

पहाटे गाडी निघाली. पोट शांत होतं. रायबा निरोपाला आला नाही. पंगतीतून उठलेल्या मास्तरानं त्याचा पाणउतारा केला असं गावात झालं होतं. चिमाजी ड्रायव्हर मोठ्या गंभीरपणे म्हणाला, की तुम्हा लोकांना मान पचत नाही.

भोरला साळूबाई दारातच बसली होती. पंगतीत बसला का, शेजारी कोण होतं, वाढायला कोण होतं, सगळं विचारलं. जगननं काही लपवलं नाही. कणीक सांगितली, परसदार सांगितलं, वरून पडलेली भाकरी सांगितली. साळूबाई ऐकत होती. कोंडाबाईला ती शिव्या देईल असं त्याला वाटलं, पण तिनं दिल्या नाहीत.

"कशी लागली?" तिनं विचारलं.

खोटं बोलायला हवं होतं. जगनला ते सुचलं नाही.

"लई ग्वाड लागली, आये."

साळूबाई उठली, दाराबाहेर गेली आणि मातीत थुंकली.

"आमालाबी ग्वाडच लागायची," ती म्हणाली.