मेलचे दोन प्लग

सोमवारी सकाळी पावणेदहाला सुब्बाचा फोन आला, तेव्हा मी वर्कशॉपमध्ये फोनचीच वाट बघत होतो. सुब्बाच्या नव्हे, बायकोच्या. मागे कॉम्प्रेसर चालू होता. सुब्बा माझा मेहुणा. तो एवढंच म्हणाला, "भावोजी, अक्का मेली."

मी ऐकलं, अक्का मेल.

मेल म्हणजे तमिळमध्ये वर. माझी बायको त्रिपुरसुंदरी आणि तिचा हा धाकटा भाऊ तंजावरकडचे मराठी. त्यांच्या बोलण्यात असे शब्द सारखे येतात. मी मिरजेचा. पण लग्नाला एकतीस वर्षं झाली, आता मेल म्हटलं की मला वर एवढंच ऐकू येतं. शिवाय सुंदरी वर गच्चीत असणार हे मला माहीत होतं. मीच तिला पाठवलं होतं. आणि आमच्या मिरजेत घरच्या माणसाला कुणी मेली म्हणत नाही. गेली म्हणतात. सुब्बाच्या घरात म्हणतात.

मी म्हणालो, "असू दे. खाली आली की फोन करायला सांग. मेलचे प्लग नऊ नंबरचे ठेवायचे की साडेदहाचे, तेवढं कळलं की झालं."

मग शेजारच्या मामींनी सुब्बाकडून फोन घेतला आणि तमिळमध्ये सांगितलं. तमिळमध्ये त्याला शब्द वेगळा आहे. त्यात चूक होत नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम थांबलं, त्रास झाला नसेल. एकसष्ट वय होतं. गच्चीच्या कठड्यापाशी ती पडलेली होती आणि कठड्यावर माझ्या रुमालावर चार स्पार्क प्लग ओळीने मांडलेले होते.

ते तिच्याकडे का होते, हे सांगायला हवं. मी इंजिनं ट्यून करतो. अंबत्तूरला माझी शेड आहे. इंजिन जोरात पळवायचं, एकदम बंद करायचं, प्लग काढायचे आणि त्यांच्या टोकाचा रंग बघायचा, हे आमच्या कामातलं जुनं शास्त्र. टोक काळं असेल तर पेट्रोल जास्त पडतंय किंवा प्लग फार थंड आहे. राखेसारखं पांढरट असेल तर आत फार तापतंय. तपकिरी असेल तर बरोबर.

मला तपकिरी दिसत नाही. जन्मापासून. काळं मला कळतं, पण तपकिरी, करडा, पिवळट, हिरवट हे सगळं माझ्या डोळ्यांना एकच. रेल्वेच्या नोकरीत याच कारणाने डॉक्टरांनी मला परत पाठवलं होतं. मद्रासला आलो तेव्हा हे कुणाला सांगितलं नाही. सुंदरीला लग्नानंतर कळलं, मी तिच्यासाठी साडी आणली तेव्हा. ती हसून हसून खाली बसली. म्हणाली, "पोपटी लुगडें आणून तपकिरी म्हणतात, आणि लोक ह्यांस इंजिन देतात."

दुसऱ्या दिवसापासून मी प्लग घरी आणायला लागलो. ती मैलापूरला एका ऑफिसात कारकून होती. गाडीतलं तिला काही कळत नव्हतं, पण कॉफीतलं कळत होतं. तिने आपले शब्द केले. फिल्टरमधून उतरलेला कॉफीचा पहिला अर्क, म्हणजे पहिलं डिकाशन, म्हणजे काळपट. दुसरं डिकाशन म्हणजे बरोबर. नुसतं दूध म्हणजे धोका. ट्यूबलाइटखाली ती कधी बघायची नाही. ऊन आलं की गच्चीत जाऊन बघायची, आणि मला वर्कशॉपमध्ये फोन करायची. दोन शब्दांचा फोन. तीस वर्षं लोक म्हणत राहिले, अरुण सारांची नजर बघा. त्यांची चूक नाही. मीच त्यांना तसं म्हणू दिलं.

त्या सोमवारचे प्लग वेंकटच्या गाडीचे होते. वेंकट शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या जागेवर आहे. त्याची गाडी जपानी, रोटरी इंजिनाची. या इंजिनात पिस्टन नसतात. दोन तिकोनी रोटर फिरतात, आणि प्रत्येक रोटरला दोन प्लग, एक खाली, एक वर. खालचा आधी पेटतो, वरचा त्याच्यामागून. आमच्या घरात त्यांना कीळचे आणि मेलचे म्हणायचे. रोटरच्या टोकांना बारीक धातूच्या पट्ट्या असतात. आत एकदा जरी वेडंवाकडं पेटलं तर पट्टी तुटते आणि इंजिन संपतं. साध्या इंजिनासारखी ते दुसरी संधी देत नाही.

वेंकटने जोर वाढवायला टर्बो मोठा बसवला होता, त्याने इंजिन आत जास्त तापतं. त्यामुळे गाडीबरोबर आलेले प्लग चालणार नव्हते. नंबर जितका मोठा तितका प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा. मी चारही ठिकाणी नऊ घातले होते आणि रविवारी गाडी पळवून काढले होते. कीळच्यांना नऊ बरोबर आहेत, हे आधीच ठरलं होतं. प्रश्न मेलच्यांचा होता. दुसरं डिकाशन असेल तर नऊ ठेवायचे. दूध असेल तर साडेदहा. सगळीकडे साडेदहा घालून मोकळं व्हावं म्हटलं तर तसंही जमत नाही. हळू चालवताना काजळी धरते आणि गाडी ठसकते.

सुंदरीने ते बघितले होते. ओळीने मांडले होते म्हणजे बघितलेच होते. काय दिसलं ते सांगायचं राहिलं.

दहाव्या दिवसाआधी मला प्लगांची आठवण झाली नाही. झाली तेव्हा सुब्बाला विचारलं. त्याने कपाटातून रुमालाची पुरचुंडी काढून दिली. घर धुतलं तेव्हा अक्काच्या हातच्या सगळ्या वस्तू धुवायच्या होत्या, म्हणून त्याने प्लगही धुतले होते. नुसते धुतले नव्हते. तुमच्या कामाचं सामान आहे म्हणून तारेच्या ब्रशने घासून चकचकीत केले होते. दोन तास लागले म्हणाला. मी त्याला म्हटलं, छान केलंस.

तेराव्यानंतर कामावर गेलो. ट्रॅकवरची स्पर्धा बारा दिवसांवर होती. वेंकटने एकदाही घाई केली नाही. सार, तुम्ही म्हणाल तेव्हा, एवढंच म्हणायचा. गाडीचा कॉम्प्युटर हरिप्रिया बघत होती. कधी किती पेट्रोल, कधी ठिणगी, हे सगळं लॅपटॉपवर बसवणं तिचं काम. अठ्ठावीस वर्षांची मुलगी, नोकरी सोडून याच कामात पडलेली. एवढी मोठी गाडी तिला पहिल्यांदाच मिळाली होती. तिने मला विचारलं, सार, वरचे प्लग कोणते घालताय, त्याप्रमाणे मी ठिणगी ठरवते.

तेव्हा सांगता आलं असतं. तिचे डोळे चांगले होते.

मी रात्रंदिवस एकच हिशेब करत होतो. सुंदरी साडेआठला वर गेली असणार. ऊन तेव्हाच येतं. मामींना ती पडलेली दिसली सव्वानऊला. मेलचे प्लग नुसतं दूध असते तर तिने तिथूनच लगेच फोन केला असता. धोका दिसला की ती थांबायची नाही. फोन आला नाही, म्हणजे तिला काळजीचं काही दिसलं नाही. म्हणजे दुसरं डिकाशन. म्हणजे नऊ.

ती साडेआठलाच पडली असेल, हे मी हिशेबात धरलं नाही.

हरिप्रियाला सांगितलं, नऊ.

स्पर्धेच्या दिवशी श्रीपेरुंबुदूरकडच्या ट्रॅकवर वेंकटने आधी सरावाच्या दोन फेऱ्या मारल्या. मी मेलचा एक प्लग काढून उन्हात धरला. जसा नेहमी धरतो तसाच, लोक बघत असताना. मला एक उजळ रंग दिसला. हरिप्रिया शेजारी येऊन उभी राहिली.

"कसा आहे, सार?"

"ठीक आहे."

"मी एकदा बघू?"

"तीस वर्षं बघतोय मी." असं म्हणून तो परत बसवला.

तिचा हात पुढे आला होता, तो तिने मागे घेतला. सॉरी सार म्हणाली.

तिसऱ्या फेरीत गाडी समोरच्या सरळ रस्त्यावर आली आणि आवाजाचा ताल तुटला. स्फोट वगैरे काही नाही. नुसती लंगडायला लागली, आणि वेंकट तिला कडेला घेऊन थांबला. कान लावून ऐकावंही लागलं नाही. पट्टी गेली होती.

वेंकट चिडणाऱ्यातला नाही. हेल्मेट काढून त्याने बॉनेटवर ठेवलं. मग हरिप्रियाला म्हणाला, ठिणगी फार आधी ठेवली होतीस का? ती म्हणाली, नाही, सगळं नोंदलेलं आहे, दाखवते. त्याने लॅपटॉपकडे बघितलं नाही. तो म्हणाला, "प्लग सारांनी स्वतः बघितले. पेट्रोल मी स्वतः आणलं. मग उरतं काय?"

हरिप्रिया माझ्याकडे वळली. "सार, ठीकच होते ना प्लग?"

"हो."

"मग माझंच काहीतरी चुकलं असेल," ती म्हणाली. लॅपटॉप मिटून केबल गुंडाळायला लागली. केबल नीट गुंडाळली जात नव्हती. मी धरायला गेलो तर राहू दे सार म्हणाली.

नंतर कळलं, वेंकटने आपल्या ग्रुपमध्ये काय झालं ते लिहिलं. वाईट शब्दात नाही. पण या कामात माणसं मोजकी. तिच्याकडे येणार असलेल्या दोन गाड्या दुसरीकडे गेल्या.

गाडी शेडमध्ये आणल्यावर चारही प्लग काढले आणि घरी नेले. सुब्बा अजून माझ्याकडेच राहत होता, मला एकट्याला सोडवेना त्याला. मेलचे दोन त्याच्या हातात दिले आणि खिडकीपाशी नेलं. म्हटलं, कसला रंग आहे सांग. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

"कसला म्हणजे? राख, भावोजी. तपकिरीचें नांव नाही. तुम्हांस दिसत नाही काय?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग प्लगकडे. मग बहिणीच्या खोलीच्या दाराकडे. त्याला बरंच काही एकदम कळलं असावं. म्हणाला, "अक्का बघत होती."

"हो."

"मज का नाही विचारलांत? मी इथेंच होतों."

त्याला विचारता आलं असतं. हरिप्रियाला विचारता आलं असतं. टपरीवरच्या कुठल्याही माणसाला विचारता आलं असतं. ज्यासाठी मी तीस वर्षं लपत होतो ते रस्त्यावरच्या कुणालाही एका नजरेत सांगता येत होतं. पण विचारलं असतं तर सुंदरीचं काम दुसऱ्या कुणाला दिल्यासारखं झालं असतं. असं मी स्वतःला सांगतो. खरं म्हणजे भीती वाटली. दोन्ही खरं असेल.

काल इंजिन खोललं. मागच्या रोटरची पट्टी तीन तुकड्यांत मिळाली. आतल्या भिंतीवर खोल ओरखडे आहेत. नवीन भाग जपानहून यायला तीन महिने लागतील, असं वेंकटला कळवलं. त्याने लिहिलं, काही हरकत नाही सार, या वेळी कॉम्प्युटरला माणूस तुम्हीच सुचवा.

त्याला उत्तर दिलेलं नाही. हरिप्रियाला फोन केलेला नाही.